शेजारच्या सीटवरचं वजन

आमच्या दादाने आयुष्यात कुणाला मागे टाकलं नाही. रस्त्यावर नाही आणि रांगेतही नाही. दुकानात उभा राहिला की माणसं त्याच्या पुढे घुसतात, आणि हा सरकून त्यांना जागा करून देतो, वर विचारतो, "तुम्हाला घाई असेल ना?" नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात तो हा. अशा माणसाच्या गाडीचा नंबर वेगवान गाड्यांच्या भांडणात सगळ्यात वर लागला, कंपनीच्या वकिलाने तो भर सुनावणीत वाचून दाखवला, आणि मी मागच्या बाकावर बसून कपाळाला हात लावला.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, गोड आवाजात "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. म्हणून घरी आल्यावर माझं तोंड सुटतं. दादाचं उलटं. त्याच्या हाताला सतत काम आणि तोंडाला कुलूप.

दादा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, वर मेणाची हिरडी उभी करतो आणि तिच्यात एकेक दात बसवतो. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल आहे, कारण दाताचा रंग उजेडातच कळतो. मागच्या फळ्यांवर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले. नवीन माणूस घरात शिरला की आधी दचकतो. कवळी घासून झाली की दादा डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवतो. "एवढंसं टोक राहिलं तरी माणूस जेवताना रडतो," म्हणतो. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या भावाच्या दातांनी जेवतात, आणि त्यांतल्या एकालाही त्याचं तोंड माहीत नाही.

ठकी त्याची मुलगी. कागदावर तिचं नाव वेगळं आहे. जिथे ठेवावी तिथे राहते, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून वहिनीनेच लाडाने ठकी म्हणायला सुरुवात केली. जन्माच्या वेळी काहीतरी बिनसलं, श्वास उशिरा लागला. ती चालत नाही, बोलत नाही. हाताच्या मुठी वळलेल्या असतात, मान सावरत नाही. आता पंचविशी उलटली तिची. वहिनी गेली तेव्हा ती शाळेच्या वयाची होती. त्या दिवसापासून तिला उठवणं, आंघोळ, भरवणं सगळं दादाने केलं. मी मदत करते, पण मदत म्हणजे मदतच. सकाळचा घास त्याच्याच हातचा.

ठकीच्या डॉक्टरांनी दादाला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. तिला स्पर्श कळतो, आवाज कळतो, भूक कळते. पण हा बाप, ही आत्या, हा परका, असं वेगळं काही कळत असेल असं वाटत नाही. दादाने मान हलवली आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली. घरी येताना मी तोंडाने तोफा डागत होते, डॉक्टरचं अक्कल-शहाणपण काढत होते. तो म्हणाला, "अगं, चमचा तू धरलास तरी ती तोंड उघडतेच ना. खरंच असेल त्यांचं." ते खरं होतं. तिने कुणाचाही चमचा कधी नाकारला नव्हता.

आता गाडीचं सांगते. ठकीला इंजिनाचा आवाज सहन व्हायचा नाही. टॅक्सीत बसवली की अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि किंकाळ्या सुरू. दवाखाना गाठेपर्यंत ड्रायव्हरपासून सगळे घामाघूम. दादा ज्यांच्याकडे काम करायचा त्यांतल्या एका दातांच्या डॉक्टरने आपली विजेची गाडी विकायला काढली. गाडी चैनीची होती, शर्यतीत पळवावी अशी, कारण डॉक्टर हौशी. दादाने वेग विचारलाच नाही. ती आवाज करत नाही एवढंच त्याने पाहिलं. मी म्हटलं, "बैलगाडी हाकायची ऐपत आणि विमान घेऊन आलास." तो म्हणाला, "बसून तरी बघ." ठकीला बसवली, गाडी निघाली, आणि ती गप्प. किंकाळी नाही, काही नाही. मी जीभ चावली.

आमच्या घरापासून जरा बाहेर एक बंद पडलेलं विमानतळ आहे. विमानं येत नाहीत, पण धावपट्टी शाबूत आहे, आणि रविवारी सकाळी ती गाडी शिकणाऱ्यांसाठी उघडतात. फाटकावर एक पहारेकरी असतो. तो एकेका गाडीला सोडतो, ती टोकापर्यंत जाते, वळते आणि कडेने परत येते. दादा तिथे सरावाला जायचा. एका रविवारी गाडीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: वाढीव जोर, महिनाभर मोफत, सुरू करायचा का? दादाला माणसालाही नाही म्हणता येत नाही, पडद्याला कुठून म्हणणार? त्याने "हो" दाबलं. मागे शिकाऊ गाड्यांची रांग लागलेली, पहारेकरी हात करून "चला, चला" म्हणतोय. दादाने पाय जरा जोरात दाबला.

मी मागच्या सीटवर होते. माझी पर्स मांडीवरून उडून मागच्या काचेला लागली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. पाठीत कुणीतरी गादीसकट ढकलावं तसं झालं. दादाने घाबरून पाय काढला. गाडी थांबत आली. आणि पुढच्या सीटवरून एक आवाज आला. आधी मला वाटलं, ठकी गुदमरली. मी पट्टा सोडून पुढे वाकले. ती हसत होती.

तिचे ओठ कधीमधी हलायचे, पण त्याला हसणं म्हणायचं धाडस आम्ही केलं नव्हतं. हे तसलं नव्हतं. हे पोटातून येणारं, खदखदून, श्वास पुरत नाही असं हसणं होतं. आमच्या घरात तिचा तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. वहिनीने तर नाहीच. मला त्या क्षणी सगळ्यात आधी वहिनीच आठवली आणि रडू फुटलं. दादा दोन्ही हात चाकावर ठेवून तसाच बसला होता. मग त्याने ठकीकडे वळून विचारलं, "परत?"

त्यानंतर त्याने काय केलं पाहा. पुन्हा जायचं तर तिची मान सांभाळायला हवी, म्हणून त्याने तिच्या मानेचा ठसा घेतला. जसा जबड्याचा घेतात तसा. मऊ लगदा पिशवीत भरून तिच्या डोक्यामागे, मानेखाली, खांद्यापर्यंत लावला, आणि तो घट्ट होईपर्यंत तिच्या कानाशी गुणगुणत बसला. मग प्लास्टर ओतलं, आणि त्यावरून एक टेकण बनवलं, आतून कवळीला लावतात तसल्या मऊ अस्तराचं. बोट फिरवून फिरवून त्याने ते घासलं. गाडीत बसवल्यावर ठकीचं डोकं त्यात अस्सं बसलं की वळणावरही हललं नाही. फळीवर जबड्यांच्या रांगेत तिच्या मानेचा तो पांढरा साचा कितीतरी दिवस होता, आणि घरी येणारे विचारायचे, हा कुठला दात?

महिना संपला. पडद्याने पैसे मागितले. दादाने भरले. जोर कायमचा मिळेल असं लिहिलं होतं, आणि कायमचा म्हणजे कायमचा, असं आपल्यासारख्या साध्या माणसांना वाटतं.

मग आमचे रविवार बदलले. फाटक आलं की ठकीचं अंग सावध व्हायचं. गाडी पट्टीवर उभी राहिली की तिची नजर, एरवी छतावर कुठेतरी भटकणारी, हळूहळू उजवीकडे यायची, दादाच्या दिशेने. तो "जायचं?" म्हणायचा आणि ती मूठ मांडीवर आपटायची. मग तो झटका आणि ते हसणं. दादा म्हणायचा, "बघ, माझ्याकडे बघते." मी म्हणायचे, "चाकाकडे बघते रे. ती गाडीला हसते, तुला नाही." तो म्हणायचा, "असेल." पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणायचा. मी हे चिडवायला बोलत होते असं कुणी समजू नये. मला भीती वाटायची. एवढ्या वर्षांनी या माणसाने आशा धरली, आणि ती मोडली तर त्याला सावरणार कोण? मीच ना?

आणि ती मोडायचं काम कंपनीने केलं. एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली की गाडीत सुधारणा झाली आहे, आणि सुरक्षिततेच्या कारणाने वाढीव जोर तूर्त बंद ठेवण्यात येत आहे. सुधारणा म्हणे. खिशातलं काढून घ्यायचं आणि म्हणायचं तुझा खिसा हलका केला. दादाने कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मला माहीत आहे त्याचा अर्थ काय होतो ते."

त्या रविवारी तो तरीही घेऊन गेला. म्हणाला, पट्टीवर गेल्यावर येईलही. फाटक आलं, ठकी सावध झाली, मूठ आपटली. दादाने पाय पूर्ण दाबला. गाडी निघाली, चांगली निघाली, पण लोकांच्या गाड्या निघतात तशी. ठकी वाट पाहत राहिली. टोक आलं, गाडी वळली, घरी आलो, खुर्चीत बसवली, तरी तिचं अंग सैल पडलं नाही. दुपारपर्यंत ती त्या झटक्याची वाट पाहत होती. दादा आपल्या टेबलाशी बसला होता आणि काम करत नव्हता.

पैसे भरून फसलेले इतरही होते, आणि ते गप्प बसणारे नव्हते. त्यांचा एक गट जमला. पुढाकार एका फरशीवाल्याचा. फरश्यांचं मोठं दुकान, आडवा माणूस, बोलणं असं की भिंतीलाही घाम फुटावा. बाकीचे बहुतेक तरुण, हौशी, सिग्नलवर शेजारच्याला चकवणारे. त्यांत आमचा दादा म्हणजे हंसांत कावळा की कावळ्यांत हंस, तुम्हीच ठरवा. पण त्याने नाव दिलं. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे सगळ्यांचा मिळून एक अर्ज गेला. त्या अर्जासाठी गाडी कशी वापरता ते प्रत्येकाला विचारलं होतं. दादाने लिहिलं, घरगुती. ठकीचा एका अक्षरानेही उल्लेख नाही.

सुनावणीला मी रजा काढून गेले. लांबट खोली, भिंतीला टेकून बाकं, समोर उंचावर अध्यक्षबाई. कंपनीचा वकील सभ्य होता, तेच वाईट. तो म्हणाला, कुणाच्या तरी गाडीत शेजारी बसलेल्या माणसाच्या मानेला इजा झाली आहे. पुस्तिकेत लिहिलं होतं की हा जोर एकट्या चालकासाठी आहे, लोकांनी मित्रमंडळींना मजा दाखवायला वापरला. मग त्याने पडद्यावर नोंद लावली. गाडी सगळं लिहून ठेवते हे मला तेव्हा कळलं. आमच्या कचेरीतल्या कारकुनांपेक्षा बरी म्हणायची. सगळ्यात जास्त वेळा जोर वापरणारी गाडी कुठली, तर दादाची. दर रविवारी, त्याच धावपट्टीवर, पुन्हा पुन्हा. आणि प्रत्येक वेळी पुढे तेच शब्द: शेजारच्या सीटवर वजन आहे.

"हा पाहा गैरवापर," वकील म्हणाला. "दर वेळी कुणाला तरी शेजारी बसवून."

चोर सोडून संन्याशाला फाशी. गटातले सगळे वळून दादाकडे पाहायला लागले. एका तरुणाच्या तोंडावर हसू होतं, म्हाताऱ्याची भानगड सापडल्यासारखं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "शेजारी कोण असतं?" दादा उठला. त्याच्या बोटांना प्लास्टर तसंच होतं. "घरचं माणूस," तो म्हणाला आणि खाली बसला. मला वाटलं उठून ओरडावं. पण त्याने मागे हात करून मला बसवलं. पाठीला डोळे असल्यासारखं ओळखतो तो मला.

बाहेरच्या जिन्यात फरशीवाल्याने त्याला गाठलं. "काका, आमची इज्जत घालवलीत. कुणाला फिरवत होतात एवढं?" तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. मुलगी, मान, साचा, हसणं. फरशीवाला ऐकता ऐकता पायरीवर बसला. मग त्याचे डोळे चमकले. "अहो मग हे आधी का नाही सांगितलं? पुढच्या तारखेला तिला घेऊन या. नुसती खुर्ची दारातून आत आली ना, कंपनी गार. अध्यक्षबाईंनाही लेकरं असतीलच."

मला ते पटलं. खरं सांगते, पटलं. पण दादा म्हणाला, "नाही आणणार."

"पण का?"

"फळीवर मांडायला ती नमुना नाही."

फरशीवाल्याला फळी कळली नाही, मला कळली. मी घरी येऊन भांडले. म्हटलं, तुझ्या अभिमानापायी पोरीचं हसू जाईल. तो म्हणाला, "तिला उचलून तिथे ठेवायचं, परक्या माणसांनी तिच्याकडे बघून हळहळायचं, आणि तिला विचारायचंही नाही. ती नाही म्हणू शकत नाही गं. म्हणून मी म्हणतो." एवढं लांब वाक्य तो वर्षातून एखाद्या वेळी बोलतो. मी भांडी जोरजोरात आपटली.

पुढची तारीख यायच्या आतच कंपनीने तडजोड देऊ केली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसली तडजोड. जोर परत मिळेल, पण गाडीत चालक एकटा असेल तरच. सीटवर वजन लागलं की जोर बंद. आणि प्रत्येकाने सही करायची की याआधी शेजारी माणूस असताना केलेला वापर हा गैरवापर होता. अर्ज सगळ्यांचा मिळून होता, म्हणून अर्जातल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर कुणालाच काही नाही.

बाकीच्यांनी बघता बघता सह्या केल्या. त्यांचं काय जात होतं? सिग्नलवर एकटा माणूसही शेजारच्याला चकवू शकतो. सही राहिली दादाची.

फरशीवाला कागद घेऊन घरी आला. आल्या आल्या जबड्यांकडे पाहून दचकला, मग खिडकीशी खुर्चीत बसलेल्या ठकीकडे त्याची नजर गेली. त्याने चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत आत आला. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला यातून काही मिळत नाही, कळतंय मला. पण पन्नास माणसं अडली आहेत. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. कागदावरचा शब्द कोण वाचतंय?"

मीही म्हटलं, "दे सही. उगाच लोकांच्या शिव्या कशाला? त्या खायला घरात मी एक आहे तेवढी पुरे."

दादाने चष्मा लावला आणि कागद वाचला. त्या शब्दापाशी बोट ठेवून थांबला. डोळे मिटले नव्हते, पण बोट तसंच फिरत होतं. "तुम्ही केला असेल गैरवापर," तो म्हणाला. "मी नाही केला."

फरशीवाला हसला, आणि हसता हसता त्याने ठकीकडे पाहिलं.

"तिच्या आयुष्यात ती हसली ते एवढंच," दादा म्हणाला. "ते चुकीचं होतं असं मी लिहून देणार नाही. पण तुमची अडवणूकही नको. माझं नाव अर्जातून काढा. मी तक्रार केलीच नाही असं समजा. मग उरलेल्यांच्या सह्या पूर्ण होतात ना?"

फरशीवाल्याने विचार केला. "होतात. पण मग तुमचं सगळंच गेलं. उद्या वेगळा अर्जही करता येणार नाही."

"हो."

नाव काढायच्या कागदावर दादाने तिथल्या तिथे सही केली. फरशीवाला जाताना ठकीच्या डोक्यावर हात ठेवायला वाकला, पण मग कचरला आणि तसाच निघून गेला. बाकीच्यांचा जोर परत आला. त्यांचा आनंद फोनवर दिवसभर वाजत होता. दादाने फोन पालथा घातला आणि एका आजोबांच्या खालच्या कवळीला बसला.

शनिवारी तो म्हणाला, "उद्या ठकीला पट्टीवर न्यायचं."

सुनावणीच्या त्या दिवसांत त्याने तिकडचा रस्ताच सोडला होता. मी म्हटलं, "कशाला? तिचा छळ करायला?"

"संपलं, हे तिला सांगायला. तुला मी तोंडाने सांगितलं, तिला कसं सांगू? ती रोज वाट बघते. रविवारी कपडे घातले की अंग ताठ करून बसते. ते संपायला हवं."

रविवारी गेलो. हवा स्वच्छ होती. शिकाऊ गाड्या रांगेत होत्या. पहारेकऱ्याने ओळखून हात केला, "खूप दिवसांनी." ठकी सावध झाली. नजर फिरत फिरत उजवीकडे आली. दादाने "जायचं?" विचारलं नाही. तो म्हणाला, "ठके, आता तसं नाही जायचं. आता असं जायचं." आणि गाडी अगदी सावकाश सोडली, शिकाऊ माणसं सोडतात तशी. तिने मूठ आपटली. गाडी सावकाशच. तिने पुन्हा आपटली. पट्टीचं टोक आलं, दादाने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि तिच्याकडे वळला.

ठकीचं डोकं त्या टेकणात पक्कं बसलेलं होतं. त्यातून ते हलू नये म्हणूनच तर त्याने ते घडवलं होतं. तिने मान सोडवायला सुरुवात केली. शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. मी म्हटलं, "अरे, तिला होतंय काहीतरी." तिने डोकं इंचाइंचाने फिरवलं, दादाकडून उलट्या बाजूला, काचेकडे. आणि मग उजवा हात उचलला आणि वळलेली मूठ त्याच्या दंडावर मारली. एकदा, मग पुन्हा. लागेल इतकी ताकद तिच्यात नाही. पण तिने आजवर कुणाला मारलं नव्हतं. मी मागून हात घालून तिच्या गालाला लावला, तर तिने गाल माझ्या हातात टाकला आणि तसाच राहू दिला. दादाने हात पुढे केला, तर अंग चोरलं.

घरी येईपर्यंत तिने मान वळवली नाही. ती काचेकडेच बघत होती.

जेवायची वेळ झाली. दादाने नेहमीसारखा भात मऊ केला, फुंकर घातली, चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. त्याने ओठांना चमचा टेकवला. तिने ओठ आणखी आवळले आणि डोळे भिंतीकडे नेले. "भूक नसेल," मी म्हटलं. त्याने चमचा माझ्याकडे दिला. मी पुढे केला, आणि तिने लगेच तोंड उघडलं, घास घेतला, गिळला, पुन्हा उघडलं. दादाने माझ्या हातून चमचा घेतला. तोंड बंद.

मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा कोसळणार. वहिनीच्या वेळी तो कोसळला नव्हता, आता कोसळणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं हे खरं, शर्टाच्या कॉलरपर्यंत आलं होतं. पण त्याचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, तिच्या जन्माआधीही नाही.

"तिला वाटतंय मीच देत नाही," तो म्हणाला. "म्हणजे देत होतो तो मी, हे तिला कळत होतं."

त्याने चमचा परत माझ्या हातात दिला, खुर्ची जरा मागे घेतली आणि तिच्या समोरच बसून राहिला, तिला दिसेल असा.

"तू भरव," म्हणाला. "तुझ्यावर राग नाही तिचा."